वारा पडण्याआधी: मनोरी ते बोरिवली, कॅम्परव्हॅनमधली कोजागरी

अश्विन शुद्ध चतुर्दशी

यंदाची कोजागरी गच्चीवर नाही, समुद्राकाठी करायची, हे लेकीने गणपतीतच सांगून ठेवलं होतं. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता. रोज सकाळी रक्त तपासायचं, आणि प्लेटलेटचा आकडा कळेपर्यंत घरात कुणाला घास जायचा नाही. तेव्हापासून दिवेलागणीला घरातल्या खिडक्या मीच लावून घेते. पण पोरीने चांदणं कायम खिडकीतूनच बघावं, हे मला मान्य नव्हतं. म्हणून या सहलीची तयारी मी चावणाऱ्या किड्यांपासूनच सुरू केली. कुठे कोण चावतं, कोणत्या वेळी चावतं आणि कशाने लांब राहतं, एवढं नीट कळलं तर बाहेर बसता येतं, असं मला वाटत होतं. आता खात्रीच आहे.

गाडी भाड्याची, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली. मागच्या दोन बाकांचा रात्री पलंग होतो, छोटं सिंक आहे, छताला झडप आहे आणि बारा व्होल्टचे दोन पंखे. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर आमच्या ओळखीतही अशा गाड्यांची चौकशी करणारे वाढले आहेत. त्यांच्यासाठीच थोडं सविस्तर लिहिते. गाडी ताब्यात घेताना नवरा टायर बघत होता, तेव्हा मी गाद्या उलटत होते. भाड्याच्या गाडीत रोज नवी माणसं झोपतात, त्यामुळे पहिली शंका ढेकणाची. गादीच्या शिवणीत आणि फळीच्या खाचेत टॉर्च मारून बारीक काळे डाग शोधायचे. आमच्या गाडीत नव्हते.

मग पाणी. सिंकखालची सांडपाण्याची टाकी, एसीचा ट्रे, स्टेपनीची खोबण, तिन्ही ठिकाणी मागच्या प्रवासाचं पाणी होतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला अंडी घालायला बाटलीच्या झाकणातलं पाणीही पुरतं, आणि ती अंडी कोरड्या जागीही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून भागत नाही, कड आतून घासावी लागते. ती मी घासली.

खिडक्यांना जाळी होती, सरकत्या दाराला नव्हती. दादरला जाळी घेऊन, कडेला चुंबकाच्या पट्ट्या घालून पडदा शिवून घेतला. नेहमीच्या मच्छरदाणीची भोकं साधारण सव्वा मिलिमीटरची असतात. डास अडतो, पण खाडीकाठची बारीक चावरी माशी आरपार जाते. मी त्याच्या निम्म्या भोकांची जाळी मागितली. दुकानदार म्हणाले, "ताई, यातून वारा कमी येईल." बरोबर होतं त्यांचं. म्हणून तर पंखे चालतात का, हे आधी तपासलं होतं.

दादरहून दुपारी निघालो. नवरा गाडीवर, मी शेजारी, मागे लेक आणि सासूबाई. आईंच्या मांडीवर कडुलिंबाच्या पाल्याची पिशवी. मार्व्याहून फेरीबोटीने मनोरी खाडीच्या पलीकडेच आहे, पण एवढी गाडी घेऊन वळसा चुकत नाही. दहिसर, काशीमिरा, भाईंदर आणि मग उत्तनचा रस्ता. उत्तनला समुद्र दिसला तशी लेक गप्प झाली, काचेला नाक लावून बसली. पुढे गोराई आणि मग मनोरी.

ओळखीच्या एका वाडीत गाडी लावायची परवानगी आधीच घेतली होती. पोचायचं ते पाचच्या आत, हे मी ठरवून टाकलं होतं, कारण जागा उजेडात निवडायची असते. वाडीवाल्या काकांनी आंब्याखालची सावली दाखवली. तिथे लाल मुंग्यांनी पानं शिवून केलेली घरटी लोंबत होती. फांदीला दोरी बांधली की त्या दोरीवरून थेट तंबूत उतरतात. गाडी तिथून काढली आणि समुद्राच्या बाजूला, जरा उंचवट्यावर घेतली. दिवसभर वारा समुद्राकडून येतो. सूर्य बुडाला की तो मंदावतो, आणि रात्री उलटा, जमिनीकडून येतो. मनोरीच्या पूर्वेला खाडी आणि तिवरांचं रान आहे. म्हणजे रात्रीचा वारा तिवरांवरून येणार. म्हणून दाराचं तोंड समुद्राकडे आणि बंद बाजू खाडीकडे.

साडेसहाच्या आत सगळ्यांनी लांब बाह्यांचे फिके, सैल कपडे घातले आणि पायमोजे चढवले. गडद रंग डासांना लवकर दिसतो, आणि अंगाला घट्ट बसलेल्या कापडातून सोंड आत जाते. उघड्या अंगाला डीटचं, म्हणजे डास लांब ठेवणाऱ्या औषधाचं, मलम. डीट अमेरिकी सैन्यासाठी तयार झालं आणि १९४६ पासून वापरात आहे. इतकी वर्षं टिकलेलं दुसरं औषध क्वचितच असेल. त्याच्या टक्केवारीवर ते किती तास पुरेल हे ठरतं, ते किती जालीम आहे हे नाही. उन्हाचं क्रीम लावायचं असेल तर ते आधी, हे त्यावर. लहान मुलांच्या तळहाताला लावायचं नाही, कारण हात तोंडात जातात. चष्म्याच्या प्लास्टिकच्या काड्या आणि घड्याळाची काच ते खराब करतं, म्हणून लावून झाल्यावर हात पुसायचे.

रात्री आईंनी धुरीचा विषय काढला. "अगं, गाडीतच जरा लिंबाची धुरी फिरवू. एक डास राहायचा नाही."

"आई, धुरी करू, पण बाहेर. एवढ्याशा गाडीत आपण चौघं झोपणार."

त्यांना पटायला वेळ लागला, पण पटलं. डासांच्या कॉइलबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. बंद गाडीत ती लावून झोपणारी माणसं मी बघितली आहेत आणि मला ते बघवत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डासांची एक कॉइल पूर्ण जळल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं मोजलं गेलं. शिवाय जळणाऱ्या कुठल्याही वस्तूतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. उघड्या अंगणात ठीक आहे. गाडीत नाही म्हणजे नाही.

त्या रात्री नियम एकच होता. दार उघडायच्या आधी आतला दिवा बंद, आणि एकाने आत-बाहेर करताना दुसऱ्याने पडदा धरायचा. एक पंखा पायांकडे, एक डोक्याकडे. लेक रात्रभर शांत झोपली. मी मात्र दोनदा उठून तिच्या पायांवर टॉर्च मारला.

कोजागरी

पहाटे साडेपाचला नवरा किनाऱ्यावर गेला आणि वीस मिनिटांत पोटऱ्या खाजवत परतला. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. डास एकही दिसला नाही म्हणाला. दिसणारच नाही. ही ती बारीक माशी, शास्त्रात हिला क्युलिकॉइडिस म्हणतात. एक ते तीन मिलिमीटर एवढीच. भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात वाढते आणि पहाटे नि संध्याकाळी चावते. पुनवेच्या उधाणात मुंबईला भरती दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास नेमकी ओहोटी, चिखल उघडा, आणि वाराही पडलेला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. काळा आजार पसरवणारी वाळूमाशी ती वेगळी, हिच्याशी गल्लत करू नये. हिच्या चाव्याची खाज मात्र दोन-तीन दिवस पिच्छा सोडत नाही. पाय साबणाने धुतले, थंड पाण्याची घडी ठेवली, वर कॅलामाइन. खाजवायचं नाही, हे नवऱ्याला लेकीपेक्षा जास्त वेळा सांगावं लागलं.

ऊन वर आल्यावर वारा सुरू झाला आणि किनारा मोकळा झाला. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींशी लेकीची गट्टी जमली. मी त्यांना त्या बारीक माशीचं, म्हणजे चिलटांचं, विचारलं. हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "वारा परला का चिलटा येतान, बाय. वारा हाय तवर काय नाय." मग आपणहून सांगितलं, की संध्याकाळी त्यांच्याकडे कुणी चिखलाच्या बाजूला बसत नाही, सगळे गावातल्या ओट्यांवर येतात. मी जे वाचून गोळा केलं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

दुपारी वाडीतली विहीर बघितली. काठोकाठ भरलेली, वर जाळी टाकलेली, पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे. काका म्हणाले, मासे सोडायला आणि जाळी टाकायला वडिलांच्या वेळेपासून चुकवलेलं नाही. मुंबईत विहीर आणि मलेरिया यांचं नातं जुनं आहे. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाची पाहणी केली तेव्हा विहिरींकडेच बोट दाखवलं होतं. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. पुढे अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. त्याला विरोधही झाला, कारण विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही पारशी समाज जपतो आहे. आणि इथे मनोरीत, मासे नि जाळी घातलेली ही विहीर, जिच्यावर अख्खी वाडी हिरवी आहे. विहीर बुजवण्यापेक्षा सांभाळणं किती चांगलं, हे मला तिच्याकडे बघताना फार वाटलं.

कोपऱ्यातल्या एका फुटक्या पिंपात मात्र पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात वळवळ चालू होती. लेकीला बोलावून दाखवलं. अळ्या डोकं खाली करून, शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून लटकल्या होत्या. एडिसच्या आणि क्युलेक्स या गटारातल्या डासाच्या अळ्या अशा लटकतात. अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या वरच्या थराशी समांतर, आडवी पडून राहते. मोठे डासही बसण्यावरून ओळखू येतात. अ‍ॅनोफिलिस शेपूट वर करून तिरका बसतो, बाकीचे भिंतीशी समांतर. तिने विचारलं, "मला कोण चावला होता?" मी म्हटलं, "पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. चावणारी ती मादीच असते, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. नर फुलांच्या रसावर जगतो." तिने काकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून पिंप उलटं केलं. आजारपणात ती नुसती पडून होती. आज तिने स्वतः पाणी ओतलं. हा क्षण माझ्या दृष्टीने सगळ्या सहलीत मोठा.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आम्ही चौघं गाडीत. दार बंद, पडदा ओढलेला, पत्त्यांचा डाव. माशीची वेळ टळू द्यायची, एवढंच. पावणेआठला बाहेर आलो. वाडीतल्या अंगणात काकांच्या घरचे आणि शेजारचे जमले होते. पिठूर चांदणं पडलं होतं. आईंनी अंगणाच्या खाडीकडच्या कडेला गोवऱ्यांवर लिंबाचा पाला टाकून धुरी केली. तिकडून येणारा वारा धूर आमच्या बाजूला हलकेच आणत होता. धुरीने फरक पडतो, पण त्या धुराच्या पट्ट्यापुरताच. खरं काम केलं ते काकांच्या स्टँडच्या पंख्याने. मी तो खाली, घोट्यांच्या उंचीवर वळवून ठेवला. डास ताशी दोनेक किलोमीटरपेक्षा फार जोराने उडू शकत नाही, पंख्याच्या झोतासमोर तो टिकत नाही. शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत तो लांबून माग काढत येतो. पंख्याने तो वासही विखुरतो. खुर्चीखालच्या अंधारात पाय लोंबकळत असतात, तिथेच सगळ्यात जास्त चावे बसतात, म्हणून झोत खाली.

दुधाचं पातेलं चांदण्यात ठेवायचं, त्यात चंद्र दिसला पाहिजे, आणि त्यात चिलट पडता कामा नये. आईंनी जाळीचं झाकण घातलं, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतो गं, जाळीतूनही दिसतो." केशर-वेलदोड्याचं ते दूध आम्ही रात्री बारा वाजता प्यायलो. तेव्हा समुद्र पार वाडीच्या बांधापर्यंत आला होता.

वद्य प्रतिपदा

सकाळी आठच्या पुढे निघालो आणि तोच वळसा घेऊन बोरिवलीला आलो. गाडी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उभी केली. आत मुक्काम करायचा तर वनखात्याची रीतसर सोय घ्यावी लागते. स्वतःची गाडी लावून रात्र काढायची ही जागा नव्हे, आणि नसावीच. बिबट्यांचं घर आहे ते.

जंगलातला चावा वेगळा. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत असतं आणि चितळांच्या वाटेवर गोचिडी पानांच्या टोकावर पाय पसरून वाट बघत असतात. विजारीची टोकं मोज्यात खोचली, वाटेच्या मधून चाललो, गवतात बसलो नाही. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशी कातळात कोरलेली पाण्याची पोढी. त्या काळच्या भिक्षूंनी पावसाचा थेंबन्‌थेंब साठवला होता. ती योजना बघून मन भरून येतं. पण आज त्या पाण्यात कुणी मासे सोडत नाही, कुणी रोज उपसत नाही. लेण्यांच्या गारव्यात भर दुपारी पट्टेरी डास अंगावर आले. झाडांच्या ढोल्या आणि बांबूची तुटकी पेरं यांतल्या पाण्यातही एडिसचा एक भाऊबंद, अल्बोपिक्टस, वाढतो. तो सावलीत दिवसाढवळ्या चावतो. ‘दिवसा कशाला मलम’ असं म्हणणाऱ्यांनी कान्हेरीला एकदा जाऊन यावं. आम्ही वर चढण्याआधीच लावलं होतं.

खाली आल्यावर कपडे तपासले. आईंच्या पायमोज्यावर एक गोचीड सापडली, अजून रुतलेली नव्हती. रुतली असती तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. रॉकेल ओतणं, काडी लावणं, तूप थापणं हे प्रकार करू नयेत, त्याने वेळ जातो आणि ती आणखी ओकते. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे, २०१६ साली माकडतापाची मोठी साथ आली होती. तो ताप गोचिडीच नेतात. म्हणून जंगलातून आल्यावर काखा, कमरेचा पट्टा, गुडघ्यामागची घडी आणि कानामागे बोट फिरवून बघायचंच.

रात्री नणंदेच्या सोसायटीच्या आवारात गाडी लावली. नणंद म्हणाली, "वहिनी, वर या ना झोपायला." पण लेकीला गाडीच हवी होती. आणि सांगते, सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त डास इथे होते. समुद्राकाठी नाही, जंगलात नाही, बोरिवलीच्या काँक्रीटमध्ये. शेजारी एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू होता. तळघराच्या खड्ड्यात पाणी, ओल्या गोणपाटांखाली पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. पलीकडे गटार, त्यातला क्युलेक्स रात्रभर कानाशी. वाऱ्याला उंच भिंतींनी वाटच ठेवली नव्हती. दार उघडून आत यायच्या दोन मिनिटांत सातआठ डास शिरले. बॅटरीची रॅकेट फिरवली, मग इन्व्हर्टरवर लिक्विडचं मशीन लावलं आणि छताची झडप उघडी ठेवली. या मशीनला पाचेक वॉट पुरतात, गाडीच्या बॅटरीला ते जड नाही. लेकीला स्वतंत्र मच्छरदाणी लावली आणि कडा गादीखाली खोचल्या, कारण झोपेत पाय जाळीला टेकला की डास बाहेरून चावतो.

मनोरीच्या मावशींना त्यांच्या चिखलाचं घड्याळ पाठ आहे. शहरात आपल्या खिडकीखालच्या खड्ड्याकडे कुणी बघत नाही, याचा मला त्या रात्री मनापासून राग आला.

वद्य द्वितीया

सकाळी पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे दोन कर्मचारी सोसायटीत आले. शिडीने गच्चीवर चढले, टाक्यांची झाकणं उघडून टॉर्च मारून बघितलं. मी वर गेले. टाकीचं झाकण घट्ट बसलं पाहिजे आणि जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी हवी, हे त्यांनी मला दाखवून दिलं. अशा किती गच्च्या ते रोज चढतात! खालच्या बांधकामाच्या खड्ड्याबद्दल नणंदेने आणि मी तिथेच तक्रार नोंदवली.

दुपारी दादर. गाडी परत देण्याआधी सांडपाण्याची टाकी, एसीचा ट्रे, स्टेपनीची खोबण परत घासून कोरडी केली, पुढच्या कुटुंबाला आमचं पाणी नको. कपडे कडक उन्हात टाकले. फ्रिजवरच्या कालनिर्णयावर पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखांभोवती पेन्सिलीने कंस काढला. डेंग्यूचा ताप चाव्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी चढतो, मलेरियाला त्याहून जास्तही लागतात. या काळात कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना प्रवास सांगायचा आणि रक्त तपासायचं. तोवर पॅरासिटामॉलखेरीज काही नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

हे लिहिते आहे तो कंस संपला आहे. कुणालाही ताप आला नाही. लेकीला फेब्रुवारीत ऐरोलीला ठाणे खाडीवर फ्लेमिंगो बघायला जायचंय, आणि तिथल्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिने माझ्याआधीच शोधून ठेवलंय.